ज्वाळेचा खोटा सिग्नल

मार्च लागला की इराकमधल्या फुरात नदीकाठच्या त्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममधल्या शनानच्या जिवाला घोर लागायचा. एसी बंद, विजेची मागणी घटलेली आणि बगदादहून दिवसातून चारदा फोन: लोड उतरवा, वीज कमी करा. पूर्ण ताकदीने धावणारं गॅस टर्बाइन कुरकुरत नाही. लोड उतरवताना मात्र ते एका पद्धतीच्या ज्वाळेवरून दुसरीवर जातं आणि तेवढ्यात ज्वाळा फडफडते. तिच्यावर पहारा करणाऱ्या चार सेन्सरांपैकी, म्हणजे चार डोळ्यांपैकी, दोघांना ती दिसेनाशी झाली की कंट्रोल सिस्टिम गॅस तोडते आणि शहराची वीज जाते.

अकरा वर्षांपूर्वी तिसरा डोळा आंधळा झाला. यंत्र थांबवायची परवानगी मिळेना, म्हणून शनानने संगणकात त्या डोळ्याच्या नावावर ‘ज्वाळा आहे’ असं ठोकून दिलं. दोन तासांपुरतं. पुढच्या पाळीवाल्याने नोंदवहीत रिवाजाप्रमाणे लिहिलं, ‘आधीप्रमाणे’. त्याच्या पुढच्यानेही तेच. मग यंत्र कितीदा तरी थांबलं, पण त्या डोळ्याची कुणाला आठवण झाली नाही. शनानला होती. तो रोज पडद्याकडे बघायचा आणि रोज गप्प बसायचा. असं गप्प बसण्याने माणूस किती दमतो, ते त्याच्या खांद्यांकडे बघून कळायचं.

त्या सकाळी बगदादचा फोन येऊन गेला आणि रुसुल या नव्या इंजिनिअरने पडद्यावर बोट ठेवून शनानला त्याच्या मुलाच्या नावाने, ‘मुहन्नदचे बाबा’ अशी हाक मारली.

“अबू मुहन्नद, हा खोटा सिग्नल कुणी घातलाय?”

“जुना आहे, पोरी. चहा घे.”

“चहा राहू दे. लोड उतरवताना ज्वाळा खरंच विझली, उरलेल्या तिघांतले दोन डोळेही चुकले आणि गॅस जात राहून भडका उडाला तर? धुराड्यापाशी आपली सहा माणसं काम करतायत.”

शनानच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. कबूल केलं तर चौकशी, आणि पेन्शन लटकणार. त्याने डोळे चोळले.

“मीच घातलाय.”

“कधी?”

“तू तेव्हा शाळेत दप्तर फेकत असशील.”

त्याने स्वतःच्या हाताने तो सिग्नल काढला आणि लोड उतरवायला घेतला. चोवीस मेगावॉटवर ज्वाळा फडफडली, आणखी एका डोळ्याला दिसेनाशी झाली आणि टर्बाइन बंद पडलं. लगेच बगदादचा फोन खणखणला.

“कोण गाढव बसलंय तिथे?”

“शनान. अबू मुहन्नद. नाव नीट लिहून घ्या.”

दुसऱ्या दिवशी, यंत्र निवल्यावर, रुसुल वर चढून तिसरा डोळा उघडून आली. तिचे हात काळे झाले होते.

“डोळा चांगलाय, काका. पुढच्या काचेवर काजळी होती. पुसली.”

“किती वेळ लागला?”

ती घुटमळली. “पाच मिनिटं.”

शनान खुर्चीत बसला आणि सगळ्यांदेखत रडला.