कड्यावरची मेंढरं

रस्त्यालगत मेंढरं दिसली आणि जवळ माणूस दिसला नाही, की खंडूआप्पा शिफ्टची बस थांबवायचे. "ह्यांचा वाली कुठं हाय?" असं ओरडत खाली उतरायचे आणि कळप बांधावर वळवूनच परत चढायचे. कुरकुंभच्या कंपनीत पोचायला आम्हा सगळ्यांना त्यामुळे उशीर व्हायचा, मी तर मनातल्या मनात त्यांच्या नावानं खडे फोडायचो.

आप्पा मूळचे केंदूरचे, मेंढपाळ घराण्यातले. बायको मेंढीमागे हायवेवर धावली आणि ट्रकखाली गेली. आप्पांनी कळप विकला, कंपनीत हेल्पर झाले आणि एकट्यानं सुमनला वाढवलं. सुमन नर्स होऊन वेल्सला गेली. दोन हजार सहा साली तिनं आप्पांना महिनाभर बोलावून घेतलं. दौंड स्टेशनवर हार घालून आम्हीच त्यांना गाडीत बसवलं.

बाराव्या दिवशी आप्पा स्टेशनबाहेर चहा पिताना दिसले. मी उडालोच.

"आप्पा, तुम्ही? महिन्याची सुट्टी होती ना?"

"सुमननं समुद्रावर नेलं हुतं, हवा खायला," आप्पा म्हणाले. "रंगीत घरं, जुना किल्ला, हिरवागार डोंगुर. आन् डोंगराच्या कड्यावर पन्नासभर मेंढरं! खाली समुद्र, पाय घसरला की थेट पाण्यात. माणूस न्हाई का कुत्रं न्हाई. मग मीच हुसकली की खाली!"

आप्पांनी तो कळप थेट सहलीला आलेल्यांच्या मोटारींच्या मधोमध नेऊन उभा केला होता. मला हसू आवरेना. आप्पा मात्र हसत नव्हते.

"मालक आला. सुमननं त्याचं बोलणं सांगितलं. म्हणला, ही आईमागं फिरून डोंगुर शिकत्यात. राखावं लागत न्हाई. आपली आपण मागारी येत्यात." त्यांनी अर्धा कप तसाच बशीवर ठेवला. "भाऊ, सुमनची आई बी त्या दिवशी ह्येच म्हणत हुती. मेंढी यील मागारी, जाऊ द्या. मीच वरडलो तिच्यावर. जा, आण म्हणलं."

इतकी वर्षं शेजारी बसून हा माणूस हे गिळत होता!

"आणि मेंढी?" मी कसंबसं विचारलं.

"आली की. घटकाभरानं, आपली आपण."

"सुमनला सांगितलंत?"

"कुठल्या तोंडानं सांगू? तिच्याम्होरं बसवंना, म्हणून तर आलो."

सुमननं पुढं कितीदा बोलावलं, पण आप्पा गेले नाहीत. दोन वर्षांनी ते वारले, तेव्हा तीच आली. दहाव्यानंतर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, आप्पा तेव्हा अर्ध्यातून का परतले?"

"थंडी सोसली नाही त्यांना," मी खाली बघत म्हणालो.

"खोटं नका बोलू. मेंढरांच्या मालकाचं बोलणं मी सांगितलं आणि त्यांचा चेहरा उतरला, तेव्हाच मला कळलं." सुमन पदरानं डोळे पुसत होती. "आप्पा आईवर ओरडले, तेव्हा मी आईचाच हात धरून उभी होते, काका. सहा वर्षांची होते. मला सगळं ठाऊक होतं, तरीही बोलावलं होतं."