आठवी पट्टी

आमची आक्का विहिरीच्या पायरीवरून घसरून पडली आणि आठ महिने अंथरुणाला खिळली. बत्तीस-तेहतीस सालची गोष्ट असेल. मी तेव्हा सोलापुरात एका कापड गिरणीत जॉबर होतो. माग दुरुस्त करायचे आणि विणकरांवर ओरडायचं, ही माझी दोन कामं. दुसरं जास्त चांगलं जमायचं.

आई गेल्यावर मला आक्कानंच वाढवलं होतं. ती, दाजी, त्यांची एकुलती एक मुलगी आणि मी, असे आम्ही एकाच घरात राहायचो. आक्का पडली त्याच वर्षी मुलीचं लग्न ठरलं. आमच्यात तेव्हा लग्न मुलाच्या दारात लागायचं, आणि मुलाचं गाव होतं अक्कलकोटच्या वाटेवर आडबाजूला. रेल्वेनं गेलं तरी पुढची बैलगाडी चुकत नव्हती. डॉक्टरांनी तर बजावून ठेवलं होतं, पाठीला मोठा हिसका बसला तर बाई पुन्हा उठायच्या नाहीत.

"मी न्हाय येत. मामा हाय की तिचा, तू उबा ऱ्हा," आक्का म्हणायची. वर हसायचीही. पण मुलीसाठी घेतलेल्या लुगड्याची घडी ती दिवसातून चारदा मोडून पुन्हा घालायची, ते मला दिसत होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वकील राहायचे. त्यांची जुनी मोटार तीन वर्षं अंगणात चिंचेखाली उभी होती. इंजिन ठीक होतं, पण कुणीतरी तिच्यातून करडईची पोती वाहिली होती आणि तिचं मागचं अंग बसलं होतं. व्यालेली म्हैस बसावी तशी ती दिसायची. मी भीत भीत विचारलं, तर वकील म्हणाले, "मागची बाजू दुरुस्त कर आणि खुशाल घेऊन जा. बहिणीला घेऊन जातोयस, विचारतोस काय?" गिरणीच्या लॉरीवर माझा हात बसलेला होता, म्हणून चालवायची काळजी नव्हती. त्या माणसाचे उपकार मी अजून विसरलो नाही.

मागच्या दोन चाकांवर दोन कमानी होत्या. पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली कमान, सर्वांत लांब पट्टी वर, मग आखूड होत जाणाऱ्या. एकेका कमानीत सात पट्ट्या. डावीकडची लांब पट्टी टोकाशी तुटलेली होती, बाकीच्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. दुकानदारानं सांगितलं, हे सामान आता विलायतेतही मिळायचं नाही. मग कुणीतरी टांग्यांच्या कमानी करणाऱ्या म्हाताऱ्या लोहाराचं नाव घेतलं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे.

चाचांनी पट्ट्या सुट्या केल्या, खडूनं नंबर घातले, जमिनीवर कोळशानं कमानीचा बाक आखला आणि एकेक पट्टी तापवून, ठोकून त्या रेषेवर आणली. तुटलेल्या पट्टीच्या जागी लॉरीच्या भंगारातली पट्टी बेतली. लाल झालेलं पोलाद पाण्यात न बुडवता ते करडईच्या तेलात बुडवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "पानी में डुबाया तो नांगर का फाळ होता, मियाँ. कमान नहीं होती." मग तेच तेल पट्टीवर पेटवून जाळायचे. पोलादानं लवायचं कसं हे त्यातून ठरतं, म्हणाले. पाच दिवस ते काम चाललं, आणि मी पाचही दिवस गिरणी सुटली की त्यांच्यापुढं जाऊन बसलो. कुणावरही न ओरडता बसलो, हे नमूद करायला हवं.

जोडणी मात्र मी स्वतः केली. पट्ट्यांमध्ये ग्रीस भरलं आणि वरून गिरणीतल्या चिंध्या ग्रीसमध्ये भिजवून गुंडाळल्या. आणि तिथंच मी एक शहाणपणा केला. चाचांकडं भंगारातल्या दोन पट्ट्या उरल्या होत्या, त्या मी गुपचूप उचलून आणल्या आणि दोन्ही कमानींत आठवी पट्टी घातली. म्हटलं, आक्काची पाठ आहे, जास्त मजबूत असलेली बरी.

मजबुतीच्या याच भरात मी दुसरंही केलं. शेजारच्या विणकराच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि अंगानं चांगली भरलेली. समोरच्या कानडी मावशीही त्याच वजनाच्या. आठ महिने या दोघींनी आक्काला उचलून न्हाऊ घातलं होतं, कारण भाचीच्यानं एकटीनं ती उचलवायची नाही. काकू म्हणाली, "मोटारीत जागा असंल की. आमी दोगी येतो लग्नाला." मी तिच्यावर खेकसलो. "ही काय जत्रेची गाडी हाय? तुमी बसला तर कमानी बसतील!" दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती नेहमीसारखी आक्काला न्हाऊ घालायला आली, आणि मी वर्तमानपत्रात तोंड घालून बसलो.

लग्नाला दोन दिवस उरले तेव्हा मी मागच्या सीटवर पाण्यानं भरलेली कळशी ठेवली आणि अक्कलकोटच्या रस्त्यानं मैलभर गाडी नेऊन आणली. परत येऊन पाहतो तर कळशी आडवी पडलेली आणि सीट ओलीचिंब. गाडी बैलगाडीपेक्षा वाईट उडत होती. दाजी आणि भाची आदल्या दिवशीच पुढं गेले होते. आता आक्काला काय तोंडानं सांगू, असं मला झालं. मी रागारागानं चाचांकडं गेलो. वाटेत त्यांना काय काय बोलायचं तेही जुळवलं.

चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग खाली वाकून चिंध्या बाजूला सारल्या आणि बोटानं पट्ट्या मोजल्या.

"आठ?"

मी मान हलवली.

"मैं सात दिया था." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पाना माझ्या हातात दिला. आम्ही दोघांनी मिळून त्या दोन पट्ट्या काढल्या. गाडी सुधारली, तरी पुन्हा भरून ठेवलेल्या कळशीतलं अर्धं पाणी सांडलंच. चाचा मागं बसले होते, त्यांचंही धोतर भिजलं.

"खाली टांगा उछलताच है," ते म्हणाले. "चार सवारी बैठी तो झूला. ये गाडी पाँच आदमी की है, और तू एक सुकी बहन बिठाने चला. बाजू में दो भारी औरतें बिठा. है कोई?"

होत्या ना. मी त्यांनाच नको म्हणालो होतो.

त्या संध्याकाळी मी काकूच्या दारात जाऊन उभा राहिलो. माफी मागायची मला सवय नव्हती. शेवटी म्हणालो, "काकू, कमानीला वजन पाहिजे. तुम्ही दोघी नसाल तर आक्काला नेता येत नाही." सगळं खरं सांगितलं, आठव्या पट्टीसकट. काकूनं मागाला हात लावूनच ऐकलं आणि समोरच्या दाराकडं बघून हाक मारली, "मावशी, चांगलं लुगडं काढा!"

निघालो तेव्हा आक्का दोघींच्या मध्ये, दोन्हीकडून धरलेली. पायाशी आहेराची भांडी. मी गाडी पावलापावलानं चालवत होतो. एका ओढ्यात चाक उतरलं. गाडी लवली, सावकाश वर आली आणि पुढं गेली. मी मागं वळून पाहिलं. आक्का काकूच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. काकूनं मला खुणेनं सांगितलं, पुढं बघ.

मांडवात आक्काला खुर्चीवर बसवलं. मंगलाष्टकं संपली आणि तिनं आपल्या हातानं मुलीवर अक्षता टाकल्या. पहिली मूठ पोचली नाही, म्हणून काकूनं खुर्ची पुढं सरकवली. दुसरी पोचली. मी खांबाआड जाऊन रडून घेतलं.

परत निघताना कुणाला काही सांगावं लागलं नाही. मावशी उजवीकडं बसल्या, मध्ये आक्का. काकू चढता चढता थांबली.

"काय जॉबर, कमानी बसत न्हाईत न्हवं?"

गाडी चालू करायला हँडल मारत होतो, ते सोडून मी तिथंच रस्त्यात तिला वाकून नमस्कार केला.