आवाजी मतदान

वर्गप्रतिनिधी निवडताना युसूफ सर मुलांना एकदम ओरडू देत नसत. "उभं राहायचं, बेटा, अन् नाव सांगायचं. घोळक्यात कोणीबी बोलतं," म्हणायचे. आष्टीच्या शाळेत ते नागरिकशास्त्र शिकवत, मी गणित.

आमचे खासदार त्यांचेच विद्यार्थी. कामगारांच्या औषधोपचाराचं एक विधेयक लोकसभेत येणार होतं आणि मुकादमाबरोबर परमुलखात जाणाऱ्या ऊसतोड मजुरांना त्यात जागा नव्हती. सरांच्या वर्गातली सुनीता अशीच आईबरोबर तोडीवर गेली आणि उसाच्या फडात तापानं वारली. दवाखान्यानं दारातूनच परत पाठवलं होतं. त्या मजुरांचं नाव घालणारी दुरुस्ती विरोधी बाकांवरून येणार, हे कळल्यावर सर खासदारांना भेटले. "बाजूनंच मत देतो, सर. शब्द माझा." सरांनी तो शब्द सुनीताच्या आईला, कांताबाईला सांगितला.

विधेयक आलं त्या दुपारी शिक्षकांच्या खोलीत आम्ही मोबाइलवर कामकाज पाहिलं. दुरुस्ती मताला टाकली गेली. थोडे 'होय' आले, मागोमाग 'नाही'चा गलका. कॅमेरा नेमका आमच्या खासदारांवर होता. गलक्याबरोबर त्यांचंही तोंड उघडलं. मतविभागणी, म्हणजे नावानिशी मतमोजणी, कोणी मागितलीच नाही. दुरुस्ती फेटाळली गेली, मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

सरांनी फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "पक्षाचा आदेश होता, सर. अन् आवाजी मतदानात नाव कुठं लिहितात? कांताबाईला सांगून द्या, मी हो म्हणल्तो."

दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन तिच्याकडे गेले.

"आपला माणूस काय म्हणला, सर?"

"न्हाई म्हणला."

"तुमच्याच हाताखाली शिकल्ता ना?"

"हो. मीच शिकवलं त्याला."

ती पाणी आणायला आत गेली, ती बाहेर आलीच नाही. बऱ्याच वेळानं सर उठले.

जूनमध्ये त्यांनी मुख्याध्यापकांना विनंती केली, "नागरिकशास्त्र दुसऱ्या कोणाला द्या. माझ्याच्यानं होऊन न्हाई राह्यलं." पुढं निवृत्तीपर्यंत ते भूगोल शिकवत राहिले.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. खासदार घरी आले. आपण आज जे आहोत ते सरांमुळंच, असं जमलेल्यांना सांगत ओट्यावर बसले होते. कांताबाई आली नव्हती. ती तोडीवर गेलेली होती.