वात नंबर तीन

माझी ताई एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. परीक्षानळ्या धुवायच्या, पावडरी तोलून पुड्या बांधायच्या, मुलांनी आम्ल सांडलं की त्यावर सोडा टाकायचा, ही तिची कामं. पाव ग्रॅमची चूक ती होऊ देत नसे, म्हणून मुलांनी तिचं नाव ग्रॅमबाई ठेवलं होतं. निवृत्तीच्या कार्यक्रमात ते मुख्याध्यापकांच्याही तोंडून निसटलं. ताईला राग आला नाही. म्हणाली, "किलोबाई म्हणाले असते तर आला असता."

मेणबत्त्यांचं वेड लागलं ते एका भेटवस्तूमुळे. तिच्या सुनेला कुणीतरी काचेच्या पेल्यात ओतलेली सुगंधी मेणबत्ती दिली. ती मधोमध जळत खाली गेली, कडेचं मेण तसंच भिंतीसारखं उभं राहिलं आणि तिसऱ्या दिवशी वात आपल्याच मेणात बुडून मेली. सूनबाई ती कचऱ्यात टाकायला निघाली होती. ताईनं हातातून काढून घेतली, पेला गरम पाण्यात धरून मेणाचा गोळा बाहेर काढला, सुरीनं उभा कापला आणि चष्मा चढवून त्याच्याकडे बघत बसली.

"विहीर पडलीय," ती म्हणाली. "का पडली?"

घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि ताई सोडून कुणाला माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

सात महिन्यांत ओट्याचं डावं टोक तिनं बळकावलं. दुधाचं जुनं पातेलं मेणाचं झालं. थर्मामीटर आला, तराजू आला. वातींची रिळं आली; पीळ जितका जाड तितका नंबर मोठा, एकपासून दहापर्यंत. मेण दोन प्रकारचं: एक सोयाबीनचं, मऊ, लोण्यासारखं, दुसरं साधं पांढरं, कडक. दोन्ही कुठल्या प्रमाणात मिसळायची आणि त्यात किती नंबरची वात लावायची, एवढाच काय तो प्रश्न होता, आणि एवढ्या प्रश्नावर चव्वेचाळीस पानं भरली होती. प्रत्येक पानावर एक मेणबत्ती. नियम प्रयोगशाळेतलाच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वात बदलली तर मेण तेच, मेण बदललं तर वात तीच.

मेणबत्ती दहा वाजता ओट्यावर पेटवायची. मग ताई फिरायला, बाजारात, वाचनालयात. एक वाजता परत येऊन मोजायचं, लिहायचं. आणि पानामागून पान शेवटची ओळ एकच: "विहीर."

वात बारीक असली की ज्योत लहान राहते, कडेचं मेण वितळत नाही, विहीर पडते. हे ताईला पुस्तकावरून कळलं होतं. म्हणून तिनं वात जाड केली. तीनवरून चार, पाच, सहा. विहीर काही भरेना. मग मेण मऊ केलं. सोयाचं निम्म्यावरून पाऊण केलं. तरी विहीर. उलट वात जाड होत गेली तशी विहीर जास्तच अरुंद व्हायला लागली.

"हे निसर्गनियमाच्या विरुद्ध आहे," ताई मला फोनवर म्हणाली.

"मग निसर्गाला सांग."

"तू फोन ठेव."

एवढ्यात त्याच शाळेतल्या गाण्याच्या बाई भेटल्या. त्यांच्या विद्यार्थिनींचा कार्यक्रम होता. सभागृहातले दिवे गुणगुणायचे, आणि तेही बेसूर. मागच्या वर्षी एक मुलगी तंबोरा सोडून दिव्याच्या सुरात गाऊन गेली होती. म्हणून यंदा दिवे बंद आणि मेणबत्त्या. ताईनं पुढचा-मागचा विचार न करता सांगून टाकलं, "चाळीस मेणबत्त्या मी देते. अडीच तास एकसारख्या जळतील."

शब्द देऊन बसली आणि मग तिची झोप उडाली. घरात सगळे त्या उद्योगाला "आईचा छंद" म्हणायचे. म्हणण्यात वाईट काही नव्हतं, पण छंद हा शब्द ते ज्या सुरात म्हणायचे त्या सुरात माणसं "जरा सर्दी झालीय" म्हणतात. त्या चाळीस मेणबत्त्या सभागृहात जळल्या तर तो छंद राहणार नव्हता. 

कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी, रविवारी दुपारी, चाचणी ठरली. ताईनं चव्वेचाळिसाव्या पानावरची मेणबत्ती नेली: वात नंबर आठ, सोयाचं मेण पाऊण भाग. मी सोबत होते. पडदे ओढले, मेणबत्ती पेटवली, मुलींनी सूर लावला.

पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग ज्योत वाढायला लागली. आधी बोटाएवढी, मग वीतभर. तिच्या टोकातून काळा धूर सरळ वर निघाला आणि छताखाली पसरला. वातीच्या शेंड्यावर काजळीचं अळंबं उगवलं. पहिल्या ओळीतली मुलगी ताल सोडून खोकली, मग दुसरी खोकली, मग सगळ्या समेवर खोकल्या. पेला टिक्‌ टिक्‌ वाजला आणि तडकला. रखवालदार वाळूची बादली घेऊन आला तो थेट स्टेजवर.

गाण्याच्या बाईंनी रुमालानं नाक पुसलं, रुमाल बघितला आणि घडी घालून ठेवला.

"ग्रॅमबाई," त्या म्हणाल्या, "आम्ही गाणारी माणसं. आम्हांला घसे लागतात हो."

"मला एक आठवडा द्या."

"पुढच्या रविवारी बघू. नाही जमलं तर बाजारात त्या बॅटरीच्या सेलवरच्या लुकलुकणाऱ्या मिळतात, त्या आणू. वाईट वाटून घेऊ नका."

 घरी आल्यावर दारात चप्पल काढताना ताई म्हणाली, "ओट्यावर जी तीन तासांत विहिरीच्या पलीकडे जात नाही, ती तिथे मशाल कशी होते?"

मंगळवारी मी तिच्याकडे गेले. सांत्वन वगैरे करायला नव्हे. ताईचं सांत्वन केलं की ती आपल्यालाच कामाला लावते. गेले ती नुसतीच. ताई नेहमीसारखी दहाला मेणबत्ती पेटवून बाहेर पडली होती. मी स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसले. मधल्या खिडकीतून ओटा दिसत होता. मी आहे हे घरात कुणाच्या लक्षात नव्हतं.

ताई गेल्याला वीस मिनिटं झाली असतील. दाजी आत आले. दाजी म्हणजे ताईचे यजमान. जन्मभर विजेचे मीटर वाचत हिंडले. रिकाम्या खोलीत दिवा चालू दिसला की त्यांच्या छातीत कळ येते. त्यांनी मेणबत्तीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, वाकले आणि फुंकर मारली. मग हातानं धूर पांगवला आणि गेले.

दहा मिनिटांनी ताईच्या सासूबाई आल्या. वय ब्याऐंशी, आगीला भिणाऱ्या. झोपण्याआधी गॅस बंद आहे ना, हे तीन माणसांना तीनदा विचारणाऱ्या. भिंत धरत धरत ओट्याशी आल्या, गाल फुगवले, आणि मेणबत्ती विझलेली बघून गाल तसेच ठेवून उभ्या राहिल्या. फुकट गेलेला श्वास त्यांनी हळूच सोडला.

मग सूनबाई आली. तिला वासानं शिंका येतात. ती हातात झाकणी घेऊनच आली होती. माणूस सरावलेला असला की कळतं.

माझ्या मांडीवरचं वर्तमानपत्र हलायला लागलं, कारण मीच हलत होते. तोंडात पदराचा बोळा कोंबला तरी नाकातून हसू येत होतं.

पावणेएकला फाटक वाजलं आणि तिन्ही दारांतून तिघं एकाच वेळी काडेपेटीकडे धावले. दाजींनी काडी ओढली, ती मोडली. सासूबाई म्हणाल्या, "अरे, लवकर." सूनबाई म्हणाली, "बाबा, इकडे द्या." ताई आत आली तेव्हा मेणबत्ती पेटलेली होती, दाजी माठातलं पाणी पीत होते, सासूबाई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या आणि सूनबाई ओटा पुसत होती.

ताईनं चष्मा लावला, पट्टीनं मोजलं आणि वहीत लिहिलं, "विहीर."

मला राहवेना. गॅलरीतून मी जी हसत सुटले, ती आत येऊन जमिनीवरच बसले.

"काय गं झालं?"

"ताई, तुझी मेणबत्ती तीन तास जळतच नाही. वीस मिनिटं जळते. मग ही तिघं विझवतात आणि तू आलीस की लावतात."

 दाजींनी पेला खाली ठेवला.

"रोज?" ताईनं विचारलं.

"रोज नाही," दाजी म्हणाले. "रविवारी तू लावतच नाहीस."

"आणि जाड वात लावल्यावर?"

"अगं, ती केवढी भडकायची. मग दहा मिनिटांतच..."

"मी तर पाचच मिनिटं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानच होता.

मला वाटलं आता भांडं आपटणार. ताई खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उकळत वर येत होतं, आणि ते वर आलं तेव्हा हसू निघालं. ती हसली ती अशी की सासूबाईंनी तिला पाणी दिलं. सात महिने तिला वाटत होतं की मेण खोटं बोलतं, वात खोटं बोलते, निसर्ग खोटं बोलतो. खोटं बोलत होती ती घरची माणसं, म्हणजे निसर्ग ठीक होता. वात जितकी जाड, भीती तितकी मोठी, फुंकर तितकी लवकर, विहीर तितकी अरुंद. चव्वेचाळीस पानांचं कोडं एका दमात सुटलं.

मग तिनं पहिलं पान उघडलं आणि लाल पेन घेतलं.

"पान एक. वात तीन, मेण निम्मं-निम्मं. कोण?"

"मी," दाजी म्हणाले.

"किती मिनिटांनी?"

"पंचवीस धर."

ताईनं समासात लिहिलं: हे, पंचवीस मिनिटं. "पान दोन?"

दुपारचं जेवण तीन वाजता झालं. तोवर मागची चव्वेचाळीसही पानं लाल झाली होती. सासूबाई सोळा वेळा, दाजी वीस, सूनबाई सहा, आणि दोन पानांवर दोघांचा वाद मिटला नाही तेव्हा ताईनं "संयुक्त" असं लिहिलं. सूनबाई म्हणाली, "आई, आम्हांला सांगायला संकोच वाटायचा. तुम्ही किती मन लावून करता." यावर ताईनं तिच्याकडे जे बघितलं ते मी लिहीत नाही. नंतर म्हणाली, "तुला ज्या वासानं शिंका येतात तो मी आजपासून घालणार नाही. हे सात महिन्यांपूर्वी सांगितलं असतंस तर एक भानगड कमी झाली असती."

बुधवारी तिनं पहिल्या पानावरची मेणबत्ती पुन्हा ओतली. गुरुवारी पेटवली आणि तीन तास ओट्यासमोर खुर्ची टाकून बसली. फुंकणाऱ्यांना स्वयंपाकघरात यायला बंदी. भूक लागली तर केळी बाहेर ठेवली होती. एक वाजता मेण काठापासून काठापर्यंत वितळलं होतं, आरशासारखं. ज्योत अंगठ्याच्या पेराएवढी, धूर नाही. शुक्रवारी पुन्हा तेच. बरोबर उत्तर पहिल्याच पानावर होतं आणि फुंकून टाकलं होतं.

रविवारी दुपारी सगळं घर सभागृहात हजर. ताई म्हणाली होती, यांना मागे ठेवण्यापेक्षा डोळ्यांसमोर बरे. दीड वाजता मेणबत्ती पेटली. गाण्याच्या बाई बसायचंच आहे तर म्हणून मुलींकडून सगळा कार्यक्रम पहिल्यापासून म्हणवून घेऊ लागल्या. रखवालदार बादलीसकट दाराशी.

ताईनं गाणं ऐकलं असेल असं मला वाटत नाही. ती पट्टी घेऊन मेणबत्तीजवळ बसली होती. एक तास झाला. दीड तास झाला. मुली तानेत होत्या तेवढ्यात ताई म्हणाली, "पोचलं."

गाण्याच्या बाईंनी हात वर करून तान थांबवली. "काय पोचलं?"

"काठाला."

मग कुणाला राहवेना. बाई उठल्या, मुली उठल्या, आम्ही उठलो, बादली खाली ठेवून रखवालदार आला. तेरा डोकी त्या एका पेल्यावर वाकली. मेण स्वच्छ, गोल, काठापर्यंत भरलेलं. मध्ये ज्योत सरळ उभी.

"श्वास रोखा," ताई म्हणाली.

तेरा जणांनी श्वास रोखला. सासूबाईंचे गाल फुगले. ते फुगलेले गाल गाण्याच्या बाईंना दिसले. बाईंचा दमसास गावात प्रसिद्ध, पण तेवढ्यावर तो सुटला. त्या फस्सकन हसल्या, सरळ पेल्यात, आणि मेणबत्ती विझली.

 आधी एक मुलगी हसली, आणि मग सभागृह हसून हसून दुमदुमलं. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "माझीच चूक. पण बघितलं ना मी. धूर नाही, काही नाही. चाळीस घेऊन या, ग्रॅमबाई. ठरलं."

"नाही," ताई म्हणाली.

"नाही काय?"

"एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं झालीत. मी अडीच तास म्हटलं होतं. हा प्रयोग बाद."

"अहो, मी हो म्हणतेय."

"तुम्ही म्हणालात. मेणबत्ती अजून म्हणायचीय." ताईनं पिशवीतून दुसरी मेणबत्ती काढली, वात कात्रीनं गव्हाच्या दाण्याएवढी ठेवली आणि वहीचं नवं पान उघडलं. "पहिल्यापासून."

बाईंनी मुलींकडे बघितलं. मुलींनी कपाळाला हात लावले. मग बाईंनीही पदर खोचला, म्हणाल्या, "चला गं, पहिल्यापासून. दुसरं गाणं तसंही कच्चं होतं," आणि तंबोरा जुळवायला घेतला. आम्हांला ताईनं पुढच्या तीन ओळी सोडून मागे बसवलं, एकमेकांत दोन-दोन खुर्च्या मोकळ्या ठेवून.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी काडी ओढली गेली. दाजींनी हळूच हात वर केला.

"अगं, जांभई आली तर?"

"तोंड दाराकडे करून," ताई म्हणाली आणि वेळ लिहिली.