मधला व्हॉल्व्ह

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, पण माझी जी फजिती झाली ना, ती ऐकाच!

दुष्काळाचं साल. चिकलठाण्याच्या आमच्या नव्या कॉलनीत घरं पटापट उभी राहिली, पाणी मात्र आठवड्याला एक टँकर. म्हणून शेजारच्या देशमुख काकांनी अन् आम्ही गच्चीवरच्या टाक्या पाइपानं जोडून घेतल्या होत्या, मधे एक व्हॉल्व्ह. टँकर कुणाच्याही टाकीत ओतला तरी पाणी दोघांना.

त्या सकाळी काकांनी स्वतःची टाकी धुवायला काढली. व्हॉल्व्ह बंद न करता! त्यांची टाकी रिकामी, तिच्यामागं आमचीही. कालच भरलेली हो!

माझं डोकंच फिरलं. भर गल्लीत ओरडलो, "काका, जोडलेलं आधी सोडवायचं, मग रिकामं करायचं! एवढं साधं कळत नाय?"

"चुकलं बाबा," काका म्हणाले. "ध्यानातच नाय राह्यलं."

"एवढं ध्यानात ठेवायला काय लागतंय?" मी पुन्हा सुनावलं. गल्ली ऐकतेय म्हटल्यावर मला अजूनच चेव आला.

तणतणतच कामाला बसलो. माझं काम म्हणजे शाळांच्या कॉम्प्युटरसाठी लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम तयार करणं. त्याचं बिल्ड टूल, म्हणजे ती बांधणारा प्रोग्रॅम, एका फोल्डरात छोटी सिस्टिम उभी करतं. तिला माझ्या काही फायली लागत होत्या. कॉपी कोण करत बसणार? मी माझं अख्खं होम फोल्डरच, ज्यात घरातल्या सगळ्या फायली असतात ते, तिच्यात माउंट केलं, म्हणजे नुसतं जोडलं. फायली तिथं दिसतात, पण असतात मूळच्याच. काम संपलं की टूल स्वतःच ती जोडणी सोडवतं.

पण संपलं तर ना! बिल्ड अर्ध्यातच अडकलं. आधीच टाळकं गरम, मी टूल बंद पाडलं अन् ते फोल्डरच उडवायची कमांड मारली.

एवढंसं फोल्डर, अन् उडायला इतका वेळ? मनात म्हटलं, लई कचरा साठला असेल. उडणाऱ्या फायलींची नावं स्क्रीनवर सरकत होती. त्यात एक नाव दिसलं, 'सातवी विज्ञान वार्षिक'.

झटकन कमांड थांबवली, पण तोवर सगळं उडालं होतं. जोडणी सोडवलीच नव्हती की! माझी बायको वैशाली शाळेत विज्ञान शिकवते, तिच्या प्रश्नपत्रिका होत्या त्या. उद्या सकाळी शाळेत द्यायच्या! अन् "तुझ्या पेनड्राइव्हचा काय भरवसा, माझ्याकडं ठेव" असं कोण म्हणालं होतं? मीच!

"अगं वैशाली... तुझे पेपर..."

"काय झालं?"

"गेले."

"गेले म्हणजे? कुठं गेले?"

आता काय सांगणार, कपाळ! तेवढ्यात दारात देशमुख काका. बिचारे सकाळच्या चुकीपायी कुठून तरी दोन बादल्या पाणी घेऊन आलेले. वैशालीचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, अन् खाली मान घालून मी सगळं सांगितलं. फोल्डर, जोडणी, सगळं.

काकांनी बादल्या खाली ठेवल्या. "म्हंजे मधला व्हॉल्व्ह चालूच ठिवला म्हणा की!"

"ध्यानातच नाय राह्यलं, काका."

काकांनी बादल्या उचलल्या अन् आमच्या मोरीत नेऊन ठेवल्या. त्यापेक्षा भर गल्लीत ओरडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी वैशाली आठवून आठवून पेपर सांगायला बसली, अन् टायपिंगला मी.

"लिहा. शास्त्रीय कारणे द्या. टाकी धुण्यापूर्वी मधला व्हॉल्व्ह बंद करावा."

मी निमूट टाइप केलं. मग हळूच विचारलं, "हे सातवीच्या अभ्यासक्रमात आहे?"

"नाही," ती म्हणाली. "तुमच्या आहे."