हिरव्या काट्याचा मासा

मी आयुष्यात एकदाच मासे पकडले आणि ते घरातल्या कोणीच खाल्ले नाहीत. (खालच्या मजल्यावरच्या मांजरीने खाल्ले. तिची तब्येत अजून ठणठणीत आहे.)

झालं असं, की एका रविवारी चहा पिता पिता बाबा म्हणाले, "मले चोच्या खावासा वाटून राहिला गा."

माझ्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत बाबांनी 'हे करा, ते आणा' असं एकदाही म्हटलं नव्हतं. पानात पडेल ते खायचे, 'मस्त झालं' म्हणायचे आणि उठायचे. आईचं नाव तर जेवताना चुकूनही काढायचे नाहीत. त्यांचं ते शहाण्यासारखं वागणं मला बघवायचं नाही. अशा माणसाने आपणहून काहीतरी मागितलं होतं! त्यांनी वाघिणीचं दूध मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

चोच्या म्हणजे नदीतला एक लांबुळका मासा, तोंडाला पक्ष्यासारखी चोच. कोकणात त्याच्या समुद्रातल्या भाऊबंदांना टोळ म्हणतात. आमचं गाव भंडाऱ्याकडे, वैनगंगेच्या काठी. आई हा मासा जवसाच्या तेलात कुरकुरीत तळायची आणि बाबा एकटेच फस्त करायचे. आम्हा पोरांच्या घशात काटा अडकेल म्हणून आमच्या पानात आपले झिंगे. माझा आवडता मासा अजूनही झिंगाच. (झिंगा हा मासा नाही, हे मला माहीत आहे. कृपया सांगू नये.) बाबांच्या मते मात्र चोच्या सोडला तर पाण्यातला बाकी सगळा भाजीपाला!

बुधवारी मी इथे शहरातच, सक्करदऱ्याच्या बाजारात गेलो. मासेवालीने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तो कोनी इकत नाई, भाऊ. जाळ्यात आला त आमीच घरी नेऊन खातो."

मी तसाच हात हलवत घरी आलो. बाबा म्हणाले, "त्यात काय? आपन पकडू."

"मी गळ आणतो," मी म्हणालो.

"गळ काहून? त्याच्या चोचीत हाडच हाड. गळ रुतत नाई. कोशाचा धागा पिंजून पान्यावर सोडाचा. तो किडा समजून चावते, अन् त्याचे बारके दात रेशमात गुतते. पन कोसा असली पाह्यजे!"

आता मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये असली कोसा कुठून आणायचा? मी कपाट उघडलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मीच बायकोला घेतलेली कोशाची साडी वरच होती. पदराला चांगले वीस-बावीस गोंडे होते. त्यातले दोन गेले तर कोण मोजायला बसतंय?

पुढच्या रविवारी आम्ही बापलेक गावाकडच्या नदीवर. बाबा काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत, मी गुडघाभर पाण्यात. पहिल्या फेकीत माझी टोपी पकडली गेली. दुसरीत माझ्याच शर्टाचं बटण. तिसऱ्या फेकीत मी स्वतः पाण्यात बसलो!

"तू मासा पकडून राहिला का मासा तुले?" बाबा ओरडले.

दोन तास असेच गेले आणि अचानक धागा ताठ झाला! एकामागून एक तीन चोच्या निघाले. बाबांनी एक हातात धरला, नाकाशी नेला आणि नुसते बघत बसले. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

दुपारी घरी आलो तर बाबा थकून झोपले आणि दारात वंदना, म्हणजे माझी बायको, साडी घेऊन उभी.

"माह्या साडीचे गोंडे कोनं कापले?"

मी पिशवीतला मासा दाखवला. उत्तर म्हणून ते फारसं पटलं नसावं.

"तुमचा मासा, तुमची कढई. गॅलरीत शिजवा!"

गॅलरीत शेगडी लावली, जवसाचं तेल तापवलं, तुकडे छान तांबूस तळले. शिजलेत का बघायला एक मोडला आणि बघतो तर काय! आतला काटा हिरवागार! थोडाथोडका नाही, पोपटासारखा हिरवा!

"वंदना!"

तिने एकदा पाहिलं. "अहो, हे त मोरचूद लावल्यावानी दिसून राह्यलं! नदीत काय सोडलं असन कोनं! म्हाताऱ्या मानसाले खाऊ घालता का हे?"

मी अख्खी कढई खाली नेऊन ओल्या कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली. मग धावत जाऊन नाक्यावरून रोहू आणला, त्याचे बोटाएवढे तुकडे केले आणि त्याच तेलात तळले. बाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, एवढाच काय तो आधार.

संध्याकाळी बाबा पानावर बसले. एक तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला. मग काटा उचलून दिव्यासमोर धरला.

"याचा काटा पांढरा काहून?"

"चांगला घासून धुतला, बाबा," मी म्हणालो.

वंदनाने कपाळावर हात मारला. मग सगळं सांगावंच लागलं. मान खाली घालून मी सांगत होतो आणि वर बाबा हसायला लागले, इतके की ठसका लागला.

"अरे, त्याचा काटा हिरवाच असते! तुही माय लकडगंजची, शयरातली पोरगी, तिनं तरी कुठी पायला होता? लग्नाच्या पयल्या महिन्यात मी असेच चोच्ये आनले. हिरवा काटा पाहून तिनं कढई नेली अन् उकिरड्यावर उपडी केली! मले वाढलं बेसन-भाकर. मी म्हनलं मासा कुठी हाये, त म्हने पळून गेला! तळलेला मासा पळून गेला म्हने!"

हसता हसता बाबा रडायला लागले आणि मग मीही. त्यानंतर दोन तास ते आईबद्दलच बोलत होते. ती कशी भांडायची, कशी चिंच चोरून खायची, मग चोच्या तळायला कशी शिकली आणि तिच्यासारखा पुन्हा कोणी का तळला नाही. भात निवून गेला, पण कोणी उठलं नाही. चोच्या मिळाला नाही तो नाहीच, पण बाबांना हवं होतं ते बहुतेक हेच होतं.

येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, मी हुबेहूब बाबांवर गेलोय. त्या दिवशी हात धुताना बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "चेहरा माहा हाये गा. आतलं सामान सारं तिचं."

हे मी आईच्या फोटोला अजून सांगितलेलं नाही. आपली अक्कल कोणाकडे गेली, ते ऐकून तिला वाईट वाटेल.