सेलखालची फुली

आमच्या घरातल्या वाट्या-चमच्यांवरसुद्धा नावं कोरलेली आहेत. मिक्सर दुरुस्तीला जातो तोही बुडाला नेलपेंटचा ठिपका लावूनच. खूण न करता दिलेली वस्तू परत येते ती दुसऱ्याचीच, असं आईचं ठाम मत. मी तिचीच लेक. त्यामुळे बाबांचं जुनं डिजिटल घड्याळ दुरुस्तीला द्यायची वेळ आली, तेव्हा मला दोन दिवस अन्न गोड लागेना.

काच माझ्याच हातून फुटली होती, कपाट पुसताना. नशीब, घड्याळ चालू राहिलं. निवृत्तीनंतर बाबांनी त्यात दुपारच्या झोपेतून उठायचा अलार्म लावला होता. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली, तरी तो रोज चारनंतर कधीतरी कपाटातून पीं पीं करायचा आणि आई उठून चहाचं आधण ठेवायची. चार वाजून नेमकी किती मिनिटं, ते आम्ही कधी पाहिलंच नाही. रोज वाजतोय, मग पाहायचं कशाला?

दुकानात नेण्याआधी मी चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने मागचं झाकण उघडलं. नुसत्या झाकणावर खूण केली तर झाकण तेवढं परत देतील आणि आतलं मशीन लांबवतील, एवढी अक्कल मला होती. म्हणून सेल उचलला आणि त्याच्याखाली कर्कटकाच्या टोकाने बारीक फुली मारली. सेल बसवल्यावर आकडे परत आले. वेळ चुकली होती, ती मोबाइलवर बघून लावली. स्वतःवरच खूश झाले.

रविवार कारंजा चौकाजवळचा तो दुकानदार मूळचा येवल्याकडचा. डोळ्याला भिंग लावून म्हणाला, "लय जुना पीस हाय ताई. याची काच आता मिळत नाय, घासून बसवावी लागंल. ठेवून जा."

मी स्टूल ओढलं.

"मी थांबते. आणि फक्त काच बदला, मशीनला हात लावू नका."

स्टुलावर बसून मी त्याच्या चिमट्यावर नजर रोखली. मध्ये त्याने काहीतरी विचारलं, मी "हो हो, तुम्ही काच बघा" म्हणून उडवून लावलं. मग काच घासायला तो आतल्या खोलीत गेला, घड्याळ घेऊन. चांगली दहा मिनिटं! घासायला काच लागते, घड्याळ कशाला?

काच मात्र सुरेख बसवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आई कपाटाकडे तोंड करून बसली. चार वाजले, साडेचार वाजले, पाच वाजले. तिचा चेहरा मला बघवेना.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी दारात उभी होते. चार गिऱ्हाइकांसमोर त्याला नको नको ते बोलले. "मशीन बदललंत तुम्ही. उघडा, सेल काढा, आतली माझी खूण दाखवा."

त्याने निमूटपणे उघडलं. सेलखाली फुली होती. माझीच.

"मग अलार्म कुठे गेला?"

तो फुलीकडे बघत राहिला. "ही तुम्ही मारली ना? मंग सेल तुम्हीच काढला व्हता. सेल काढला की यातलं समदं पुसलं जातं, ताई. काच घासायला आत जायच्या आधीच मी इचारलं, अलार्म बाराला दिसतोय, तसाच राहू देऊ का? तुम्ही हो म्हणला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. सेल परत बसवून त्याने सरळपणे विचारलं, "कितीचा लावू?"

मला सांगता आलं नाही.

घरी आले. आईने दारातच विचारलं, "काय म्हणाला?"

खरं सांगायचं ठरवूनच आले होते. पण तोंडातून निघालं, "त्यानेच काहीतरी केलं. आत घेऊन गेला होता ना."

"तरी मला वाटलंच होतं," आई म्हणाली.

संध्याकाळी खालच्या वहिनी भिंतीवरचं बंद घड्याळ पिशवीत घालून निघाल्या होत्या. आईने गॅलरीतून हाक मारून त्यांना थांबवलं. "कारंजावरच्या त्या दुकानात देऊ नका हो. फसवा माणूस आहे तो." मी तिच्या मागेच उभी होते. वहिनी पिशवी घेऊन माघारी फिरल्या, आणि मी एक शब्द बोलले नाही.